दोन पायथन, एक नाव: लिनक्सचे पॅकेज मॅनेजर आवृत्त्या कशा सांभाळतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. उबुंटू २२.०४ वर पायथन ३.१० मुळातच होतं. तुम्ही ॲप्टमधून (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरमधून, म्हणजे प्रोग्राम आणून बसवणाऱ्या साधनातून) ३.११ बसवलं, अल्टरनेटिव्ह्ज (एका नावामागे कोणता प्रोग्राम चालवायचा ते ठरवणारी सोय) वापरून 'पायथन३' हे नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं आणि त्यानंतर टर्मिनलची खिडकीच उघडेना. आता तुम्हाला हवंय ते हे: पॅकेज मॅनेजर जुनी आवृत्ती आणि नवी आवृत्ती नेमकी कुठे ठेवतो, कॅशच्या फोल्डरात दिसणाऱ्या जुन्या डेब फाइली म्हणजेच त्या जुन्या आवृत्त्या का, आणि कर्नलच्या (यंत्रणेच्या गाभ्याच्या) मात्र दोन-तीन आवृत्त्या एकत्र कशा नांदतात.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक जागेचा: दोन आवृत्त्यांच्या फाइली डिस्कवर एकमेकींना न पुसता कशा राहतात? दुसरा निवडीचा: कोणी नुसतं नाव घेतलं तर दोघींपैकी कोण ओ देणार? तुमच्याकडे जागेचा प्रश्न ॲप्टने व्यवस्थित सोडवला होता. बिघडलं ते निवडीत. पण निवडीचं कोडं कळायला आधी जागेचं कळावं लागतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

त्याआधी यंत्र चालू करून घ्या. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की साधी अक्षरांची कन्सोल येते. ती ग्राफिकल टर्मिनलवर अवलंबून नसते, त्यामुळे तिथे लॉगिन होईल. दुरुस्तीचा क्रम शेवटी देतो, कारण त्यात एक खाचखळगा आहे आणि तो समजून मगच हात घातलेला बरा.

आता जागा. डेबियन-उबुंटूच्या जगात प्रत्यक्ष बसवण्याचं काम डीपीकेजी करतो. ॲप्ट त्याच्या वर बसून काय आणायचं, कुठून आणायचं, कशासोबत काय लागतं एवढं ठरवतो. डेब फाइल म्हणजे मुळात एक गाठोडं. त्यात फाइली असतात, प्रत्येक फाइल कुठे जाणार तो पूर्ण पाथ असतो, आणि बसवताना-काढताना चालवायच्या काही स्क्रिप्ट असतात. डीपीकेजी गाठोडं सोडतो, फाइली थेट '/यूएसआर/बिन', '/यूएसआर/लिब' अशा सामायिक फोल्डरांत टाकतो आणि '/व्हार/लिब/डीपीकेजी' मधल्या नोंदवहीत लिहून ठेवतो की अमुक पॅकेज, अमुक आवृत्ती, या या फाइली त्याच्या. त्या फोल्डरातली 'स्टेटस' नावाची फाइल उघडून बघा. साधा मजकूर आहे, वाचता येतो.

या व्यवस्थेत 'आवृत्त्यांचं कोठार' असं काही नसतंच, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नोंदवहीत एका पॅकेजच्या नावापुढे एकच आवृत्ती लिहिता येते, आणि एका पाथवर एकाच पॅकेजचा हक्क असतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इतका सरळ नियम. नवी आवृत्ती आली की तीच नावं, तेच पाथ, फक्त आतला मजकूर बदलतो आणि जुनी आवृत्ती संपते. ती बाजूला कुठे ठेवली जात नाही.

मग तुमच्याकडे ३.१० आणि ३.११ दोन्ही कसे? कारण डीपीकेजीच्या लेखी त्या एका प्रोग्रामच्या दोन आवृत्त्याच नाहीत. ती दोन वेगळी पॅकेजेस आहेत. एकाचं नाव 'पायथन३.१०', दुसऱ्याचं 'पायथन३.११'. आकडा नावातच गुंफलेला आहे. पाथही वेगळे: '/यूएसआर/बिन/पायथन३.१०' आणि '/यूएसआर/लिब/पायथन३.१०' एकाचे, तसेच ३.११ चे दुसऱ्याचे. कुठेही टक्कर नाही. पॅकेज बांधणाऱ्या माणसाने आधीच विचार करून ही सोय केलेली असते. जिथे त्याने ती केलेली नसते, तिथे तुम्ही कितीही आटापिटा केलात तरी डीपीकेजी दोन आवृत्त्या शेजारी बसवणार नाही.

हीच युक्ती लायब्रऱ्यांसाठी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या तयार कोडसाठी) जास्त काटेकोरपणे वापरली जाते. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीची १.१ मालिका आणि ३ मालिका घ्या. लायब्ररीच्या फाइलीच्या आत तिचं एक अधिकृत नाव कोरलेलं असतं, त्याला सोनेम म्हणतात, आणि त्यात सुसंगतीचा आकडा असतो. ज्या प्रोग्रामची जोडणी १.१ शी झाली तो चालू होताना १.१ चंच नाव मागतो, ३ शी जोडलेला ३ चं. डेबियनमध्ये लायब्ररीच्या पॅकेजचं नावही या सोनेमवरून ठरतं, म्हणून दोन्ही पॅकेजेस शेजारी राहू शकतात. इथे निवडीचा प्रश्न माणसाकडे येतच नाही. प्रोग्राम बांधला गेला त्या क्षणीच निवड होऊन गेलेली असते. सगळीकडे असं असतं तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

पायथनमध्ये तसं नाही. तिथे 'पायथन३' हे आकडा नसलेलं मोघम नाव आहे, आणि ते कोणाकडे बोट दाखवतं यावर बरंच काही उभं आहे. उबुंटूवर '/यूएसआर/बिन/पायथन३' हा एक सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) आहे आणि त्यावर 'पायथन३-मिनिमल' या पॅकेजचा हक्क आहे. २२.०४ मध्ये तो ३.१० कडे बोट दाखवतो, आणि यंत्रातली बरीच साधनं तो तसाच राहील हे गृहीत धरून बांधलेली आहेत.

तुमचं टर्मिनल यात कसं सापडलं ते बघा. उबुंटूतलं 'ग्नोम-टर्मिनल' ही कमांड प्रत्यक्षात पायथनची छोटी स्क्रिप्ट आहे. तिच्या पहिल्या ओळीत लिहिलंय की मला '/यूएसआर/बिन/पायथन३' ने चालवा. ती स्क्रिप्ट 'जीआय' नावाचं मॉड्यूल (पायथनला जोडायचा तयार भाग) मागवते. डेबियन घराण्यात ॲप्टने बसवलेली पायथन मॉड्यूल्स सगळ्या ३.क्ष आवृत्त्यांना मिळून एकाच फोल्डरात ठेवतात, '/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस'. म्हणजे ३.११ ला तो फोल्डर दिसतो, त्यात 'जीआय' ही सापडतं. पण 'जीआय'चा एक भाग सी भाषेत लिहून कंपाइल केलेला (यंत्राच्या भाषेत आणलेला) आहे, आणि त्या फाइलीच्या नावातच 'सीपायथन-३१०' असा शिक्का असतो. ३.११ आपला शिक्का असलेली फाइल शोधतो, ती नसते, आणि स्क्रिप्ट तिथेच मान टाकते. खिडकी न उघडल्यामुळे त्रुटीचा संदेश दिसायलाही जागा उरत नाही.

याच कारणाने 'ॲप्ट_पीकेजी' नावाचं मॉड्यूल सापडत नाही अशी तक्रार पुष्कळजण करतात. रोग तोच: मोघम नाव नव्या आवृत्तीकडे वळवलं, कंपाइल केलेले तुकडे जुन्या आवृत्तीचे.

आता तुम्ही म्हणाल, अल्टरनेटिव्ह्ज ही तर डेबियनचीच अधिकृत सोय, मग ती वापरून असं का व्हावं? सोय अधिकृतच आहे, पण ती कुठे लावायची हे पॅकेज बांधणारा ठरवतो. जावाचं उदाहरण घ्या. '/यूएसआर/बिन/जावा' हा सिमलिंक '/एटसी/अल्टरनेटिव्ह्ज/जावा' कडे जातो, तिथून दुसरा सिमलिंक '/यूएसआर/लिब/जेव्हीएम' मधल्या एखाद्या आवृत्तीच्या फोल्डरात जातो. मधला थांबा मुद्दाम ठेवलाय. वरचं नाव स्थिर राहतं, बोट बदलायचं ते मधल्या थांब्यावर, आणि प्रत्येक जावा आपापल्या फोल्डरात स्वयंपूर्ण असतो. एडिटरचंही तसंच. नॅनो असो की व्हिम, 'एडिटर' म्हटल्यावर मजकूर बदलता आला म्हणजे झालं. 'पायथन३' मात्र या पद्धतीत घातलेलंच नाही, आणि ते विसरून राहिलंय असंही नाही. तुम्ही अल्टरनेटिव्ह्जला सांगितलंत की या नावाचा गट बनव. त्याने आज्ञाधारकपणे बनवला आणि दुसऱ्या पॅकेजच्या हक्काच्या सिमलिंकवर आपला सिमलिंक चढवला. इंटरनेटवरचे पुष्कळसे धडे हेच करायला सांगतात. मी मात्र हे करू नका असंच सांगतो, आणि त्यात 'परिस्थितीनुसार' वगैरे काही नाही.

बरं, पॅकेज मॅनेजर हे पकडत का नाही? डीपीकेजीची पडताळणी फाइलींच्या चेकसमवर (मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या आकड्यावर) चालते आणि त्या यादीत फक्त साध्या फाइली असतात. सिमलिंकला मजकूर नसतो, म्हणून चेकसमही नसतो. तुम्ही बोट फिरवलंत हे त्या पडताळणीला दिसतच नाही. फेडोरा या लिनक्स वितरणात डीपीकेजीचं काम करणारा आरपीएम या बाबतीत जास्त चौकस आहे, तो सिमलिंकचं टोकही तपासतो.

एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या नांदवण्याचं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम बघायचं असेल तर डेबियनमधला पोस्टग्रेस हा डेटाबेस बघा. प्रत्येक मोठ्या आवृत्तीचे बायनरी वेगळ्या फोल्डरात, '/यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/बिन' असे. डेटाही आवृत्तीच्या फोल्डरात. वर 'पीएसक्यूएल' नावाचा जो दिसतो तो खरा प्रोग्राम नसून एक दारवान आहे. तुम्हाला कोणत्या क्लस्टरशी (डेटाबेसच्या कोणत्या चालू संचाशी) बोलायचंय हे बघून तो योग्य आवृत्तीकडे पाठवतो. दुसरा क्लस्टर उभा केला की त्याला पुढचा पोर्ट मिळतो, ५४३२ नंतर ५४३३. इतकी यातायात का? कारण पोस्टग्रेसच्या मोठ्या आवृत्तीगणिक डेटा साठवायचं स्वरूप बदलतं. जुना सर्व्हर हाताशी नसेल तर जुना डेटा वाचताच येत नाही, त्यामुळे स्थलांतराच्या काळात दोघे एकत्र असावेच लागतात. इथे जागा आणि निवड दोन्हींचा विचार केलाय. तुमच्या पायथनमध्ये जागेचा विचार होता, पण मोघम नावाची निवड तुमच्यासाठी खुली ठेवलेलीच नव्हती.

कॅशबद्दल. '/व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज' मधल्या डेब फाइली या डाउनलोड करून आणलेली बांधलेली गाठोडी आहेत. त्या सोडलेल्या नाहीत, चालत नाहीत, नोंदवहीत नाहीत. सगळ्या पुसल्या तरी बसवलेल्या प्रोग्रामला धक्का लागत नाही. आर्च या लिनक्स वितरणातल्या पॅकमॅन या पॅकेज मॅनेजरचंही असंच, फक्त तो जुनी गाठोडी आपणहून टाकत नाही. त्यासाठी 'पॅककॅश' वेगळं चालवावं लागतं, आणि ते डीफॉल्टने प्रत्येकाच्या शेवटच्या ३ आवृत्त्या ठेवतं. अशा गाठोड्यातून मागे जाता येतं का? कधी येतं. पण पॅकेजच्या स्क्रिप्ट पुढे जायचं डोक्यात ठेवून लिहिलेल्या असतात. नव्या आवृत्तीने एखादी कॉन्फिग किंवा डेटाबेस नव्या साच्यात बदलला असेल तर जुनी आवृत्ती तो साचा ओळखणार नाही. डेबियन डाउनग्रेडची हमी देत नाही. मी एखादा छोटा प्रोग्राम असा मागे नेतो, लायब्ररी किंवा डेटाबेस कधीच नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. 'डीपीकेजी -एल' च्या यादीत काही ओळींच्या सुरुवातीला 'आरसी' दिसतं, आणि लोकांना वाटतं जुनी आवृत्ती अजून आहे. त्याचा अर्थ एवढाच की पॅकेज काढलंय, फक्त त्याच्या कॉन्फिग फाइली मागे ठेवल्यात.

आता कर्नल. तुमचं निरीक्षण बरोबर आहे आणि उत्तर पुन्हा नावातच आहे. डेबियन-उबुंटूमध्ये प्रत्येक कर्नलच्या पॅकेजच्या नावात त्याचा पूर्ण आकडा असतो, त्यामुळे नवा कर्नल म्हणजे नवं पॅकेज. वर एक पोकळ मेटापॅकेज असतं, त्यात फाइली नसतात. 'सध्याचा ताजा कोण' एवढंच ते सांगतं. '/बूट' मध्ये कर्नलच्या फाइलीच्या नावात आकडा, '/लिब/मॉड्यूल्स' मध्ये आकड्याचा फोल्डर. टक्कर कुठेच नाही. निवड होते ती बूट होताना, ग्रब या बूट-मेनूच्या यादीत.

फेडोराने तेच वेगळ्या वाटेने साधलंय. आरपीएमचा नियम डीपीकेजीपेक्षा थोडा सैल आहे. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या तो शेजारी बसू देतो, अट एवढीच की त्यांच्या फाइली एकमेकींच्या अंगावर येता कामा नयेत. बहुतेक पॅकेजेसच्या येतातच, म्हणून व्यवहारात ही मोकळीक दिसत नाही. कर्नलच्या येत नाहीत. म्हणून डीएनएफमध्ये (फेडोरातल्या ॲप्टच्या जोडीदारात) कर्नलला 'फक्त बसवा, बदलू नका' अशा यादीत टाकलंय आणि किती ठेवायचे त्याची मर्यादा डीफॉल्टने ३ आहे. चौथा आला की सगळ्यात जुना जातो, पण सध्या चालू असलेल्याला हात लावत नाही.

आर्चमध्ये कर्नलच्या पॅकेजचं नाव नुसतं 'लिनक्स'. आकडा नाही. त्यामुळे अपडेट झालं की जुन्या कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून जातात, चालू मात्र जुनाच कर्नल असतो. मग कोणी पेनड्राइव्ह लावला आणि त्याचं मॉड्यूल आधी मेमरीत आलेलं नसलं, तर पेनड्राइव्ह ओळखला जात नाही. रीबूट केलं की सगळं ठीक. नावात आकडा असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो.

मीही यात हात पोळून घेतलेत. सुरुवातीच्या काळात एका सर्व्हरचं '/बूट' भरून गेलं आणि अपडेट अर्ध्यात अडकलं. घाईत मी जुन्या वाटलेल्या कर्नलच्या फाइली हाताने पुसल्या, मॉड्यूल्सचा फोल्डरही उडवला. डिस्क मोकळी झाली, पण नोंदवहीला याचा पत्ता नव्हता. तिच्या लेखी ते पॅकेज शाबूत होतं. वर, जो कर्नल मी जुना समजलो तोच त्या वेळी चालू होता, आणि थोड्या वेळाने फायरवॉलचं एक मॉड्यूल हवं झालं तेव्हा ते लोड होईना. तेव्हापासून नोंदवहीतली वस्तू काढायची ती नोंदवहीमार्फतच, आणि काढण्याआधी 'यूनेम -आर' ने चालू कर्नल कोणता ते बघायचं, हे माझ्या अंगवळणी पडलं.

डिस्कवर एका फाइलीच्या दोन आवृत्त्या खरोखर एकाच वेळी असण्याचा एक प्रकार मात्र याही व्यवस्थेत आहे, आणि तो नोंदवहीत दिसत नाही. डीपीकेजी नवी फाइल आधी वेगळ्या नावाने लिहितो आणि मग रीनेम करून जुन्या नावावर चढवतो. जुन्या फाइलीचं नाव गेलं, पण एखादी प्रोसेस ती उघडून बसली असेल तर तिचा आयनोड (डिस्कवरची तिची मूळ नोंद) आणि मजकूर डिस्कवर तसाच राहतो, ती प्रोसेस संपेपर्यंत. म्हणून चालू सर्व्हरवर अपडेट करता येतं. पण म्हणूनच नुसतं अपडेट पुरत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड हे सुरक्षेचं भगदाड उघडकीला आलं तेव्हा दुरुस्त लायब्ररी बसवूनही ज्यांनी सेवा रीस्टार्ट केल्या नाहीत त्यांच्या सेवा जुनीच, नाव गमावलेली लायब्ररी वापरत होत्या. उघड्या फाइली दाखवणाऱ्या 'एलसॉफ' च्या यादीत अशा फाइलींपुढे 'डिलीटेड' लिहिलेलं दिसतं. उबुंटूत 'नीडरीस्टार्ट' हेच शोधून विचारतं.

हार्टब्लीडचं नाव निघालंच आहे तर सामायिक फोल्डरांच्या या जुन्या पद्धतीची बाजूही घेतो. एका जागी एकच लायब्ररी असली की एक पॅकेज बदलून शंभर प्रोग्राम दुरुस्त होतात. प्रत्येकाने आपली प्रत जवळ बाळगली तर शंभर जणांच्या मागे लागावं लागतं. 'एकच आवृत्ती' हा नियम त्रासाचा वाटतो, पण तो आळसातून आलेला नाही.

तो नियमच मोडून काढणारी पद्धत म्हणजे निक्स. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्ट विद्यापीठात २००६ मध्ये यावर पीएचडी केली. ग्नू प्रकल्पातलं गीक्स हे २०१२ पासूनचं, त्याच विचाराचं. इथे मात्र खरंच कोठार आहे: '/निक्स/स्टोअर'. त्यात प्रत्येक पॅकेजला स्वतंत्र फोल्डर, आणि फोल्डरच्या नावाची सुरुवात ३२ अक्षरी हॅशने (माहितीवरून गणिताने काढलेल्या खुणेने), मग नाव आणि आवृत्ती. हॅश कशावरून काढतात हे महत्त्वाचं आहे. सोर्स, कंपायलर, बांधणीचे पर्याय आणि ज्यांच्यावर ते पॅकेज अवलंबून आहे त्यांचे हॅश, या सगळ्यांवरून. म्हणजे आवृत्ती तीच पण कंपायलर वेगळा, तरी फोल्डर वेगळा. पाथची टक्कर होण्याची शक्यताच उरत नाही.

शिवाय प्रत्येक बायनरीत तिला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचे पूर्ण पाथ हॅशसकट कोरलेले असतात. ती '/यूएसआर/लिब' मध्ये शोधायला जातच नाही. सोनेममध्ये निवड 'कोणती मालिका' इतकी पक्की होते, निक्समध्ये ती 'नेमकी कोणती बांधणी' इथपर्यंत पक्की होते. तुम्हाला कमांड म्हणून जे दिसतं ते प्रोफाइल, म्हणजे स्टोअरकडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंकांचं एक झाड. काही बसवलं की नवं झाड तयार होतं, त्याला पिढीचा नंबर मिळतो आणि एक सिमलिंक नव्या पिढीकडे वळतो. मागे जायचं तर तो एक सिमलिंक मागे वळवायचा. जुन्या पिढ्यांचं सगळं स्टोअरमध्ये जागच्या जागी असतं. कोणत्याही पिढीला किंवा प्रोफाइलला नको असलेले फोल्डर झाडून काढायचं काम वेगळं, ते तुम्ही सांगाल तेव्हाच होतं. सांगायचं विसरलात तर डिस्क भरते. ती भरतेच, मी पाहिलंय.

किंमत आणखीही आहे. तळाच्या लायब्ररीत एक ओळ बदलली तर तिचा हॅश बदलतो, मग तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्यांचे बदलतात आणि सगळं नव्याने बांधावं किंवा आणावं लागतं. निक्सओएसवर बाहेरून आणलेली तयार बायनरीही सरळ चालत नाही, कारण ती ज्या ठरलेल्या पाथवर लायब्रऱ्या शोधते तिथे त्या नसतात. निक्स मला मनापासून आवडतं, पण 'मला फक्त दोन पायथन हवेत' म्हणणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक हे, ॲप त्याला लागणाऱ्या गोष्टींसकट बांधून देणारे, या दोन टोकांच्या मधले. स्नॅपची प्रत्येक रिव्हिजन ही '/व्हार/लिब/स्नॅपडी/स्नॅप्स' मधली एक दाबून बांधलेली स्क्वॅशएफएस फाइल असते. ती '/स्नॅप' खाली रिव्हिजनच्या नंबराने माउंट होते (फोल्डरासारखी जोडली जाते) आणि 'करंट' नावाचा सिमलिंक चालू रिव्हिजन दाखवतो. साध्या उबुंटूवर डीफॉल्टने २ रिव्हिजन ठेवल्या जातात. डिस्क किती भरली ते दाखवणाऱ्या 'डीएफ' मध्ये १०० टक्के भरलेली लूप उपकरणं बघून घाबरू नका. त्या वाचण्यापुरत्या प्रतिमा आहेत, त्या कायम भरलेल्याच दिसणार. फ्लॅटपॅक फाइली त्यांच्या मजकुराच्या चेकसमवरून ओएसट्री भांडारात एकदाच ठेवतो आणि हार्डलिंकने (एकाच फाइलीला दिलेल्या जादा नावांनी) ठिकठिकाणी दाखवतो. म्हणून एकेका ॲपचा आकार वेगवेगळा मोजून बेरीज केलीत तर ती प्रत्यक्षापेक्षा जास्त येते.

जेंटू या वितरणात स्लॉट नावाची सोय आहे: पॅकेज बांधणारा लिहून ठेवतो की ही आवृत्ती अमुक स्लॉटची, आणि वेगवेगळ्या स्लॉटच्या आवृत्त्या एकाच नावाने शेजारी राहतात. डेबियन जे नावात कोंबतो ते जेंटू वेगळ्या रकान्यात लिहितो, एवढाच फरक.

तुमच्यासाठी काय योग्य, हे तुम्हाला ३.११ कशासाठी हवंय यावर ठरतं. स्वतःच्या प्रकल्पासाठी असेल, आणि बहुधा तसंच असणार, तर मोघम नावाला हात न लावता 'पायथन३.११' असं पूर्ण नाव घेऊन व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरतं वेगळं पायथन) बनवा. त्यासाठी ३.११ चं व्हेन्व्ह पॅकेज वेगळं बसवावं लागेल. ते चालू केलं की त्या शेलपुरतं 'पायथन' म्हणजे ३.११, बाकी यंत्राला त्याचा पत्ताही नाही. तीन-चार आवृत्त्यांवर चाचण्या चालवायच्या असतील तर पायएन्व्ह घ्या. ते सगळं तुमच्या होम फोल्डरात ठेवतं आणि ॲप्टच्या नोंदवहीच्या वाटेला जात नाही. सर्व्हरवर सेवा चालवायची असेल तर मी कंटेनर वापरतो, कारण तिथे संपूर्ण '/यूएसआर' च वेगळं मिळतं आणि वाद मिटतो. आणि संपूर्ण यंत्राचंच पायथन नवं हवं असेल तर वितरणाची पुढची आवृत्ती घ्या. २४.०४ मध्ये ३.१२ आहे आणि त्याची सगळी मॉड्यूल्स त्याच्यासाठी बांधलेली आहेत.

आता दुरुस्ती, त्या कन्सोलवरून. 'अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज' ला 'पायथन३' चा गट पूर्ण काढायला सांगा, त्यासाठी 'रिमूव्ह-ऑल' हा पर्याय आहे. खाचखळगा तो हाच: गट काढताना तो '/यूएसआर/बिन/पायथन३' हा सिमलिंकही काढून टाकतो. त्या क्षणी यंत्रावर 'पायथन३' नावाचं काहीच नसतं. म्हणून लगेच, मध्ये दुसरं काही न करता, 'एलएन -एसएफ' ने तो सिमलिंक पुन्हा 'पायथन३.१०' कडे लावा. दोन्ही कमांड सुडोने (प्रशासकाच्या हक्काने) चालवायच्या. मग ॲप्टने 'पायथन३-मिनिमल' रीइन्स्टॉल करा, म्हणजे सिमलिंक त्याच्या खऱ्या मालकाकडून पुन्हा मांडला जाईल. ३.११ काढायची गरज नाही, त्याने काही बिघडवलेलं नाही. शेवटी 'पायथन३' ला आवृत्ती विचारा, ३.१० उत्तर आलं की कंट्रोल, ऑल्ट, एफ२ किंवा एफ१ ने ग्राफिकल पडद्यावर परत या आणि टर्मिनल उघडून बघा. तरीही उघडलं नाही तर त्याच कन्सोलवर पायथन३ मध्ये 'इम्पोर्ट जीआय' एवढंच चालवा आणि येणारा संदेश जसाच्या तसा इथे द्या.